बंगल्याची गाडी

यंदा थंडीने जळगावात लवकरच बस्तान बसवलं. परवा नातवाने विजेचा हीटर आणला आणि माझ्या पायाशी ठेवला. "आजी, बरं वाटतंय ना?" त्याने विचारलं. वाटत होतं, तेच तर. मला ऊब मिळाली की बरं वाटतं, आणि बरं वाटलं की थोड्या वेळाने आत कुठेतरी खुपायला लागतं. मी पाय मागे घेतले. सून म्हणाली, "आई, तुमचं सगळं जगाच्या उलट." असेल बापडं. या वयात सरळ राहायला मी काय लोखंडाची सळई आहे?

मी भडगावची. गिरणेकाठची थंडी मला ठाऊक होती. पण लग्न होऊन चोपड्याला आले आणि कळलं की ती थंडी नव्हतीच, थंडीचा नुसता पाहुणचार होता. चोपड्याच्या उत्तरेला सातपुडा. पौषात दिवस कलला की डोंगरावरून वारं उतरायचं आणि गल्लीगल्लीत शिरायचं. केळीच्या बागांची पानं एका रात्रीत करपायची. सकाळी माणसं पऱ्हाट्या पेटवून भोवती उकिडवी बसायची. कापूस वेचून झाला की शेतात उरलेली वाळकी झाडं म्हणजे पऱ्हाट्या. त्यांचा जाळ भुरकन होतो आणि भुरकन विझतो. हात गरम होतात, पाठ तशीच. मग माणूस पाठ फिरवतो, तोवर जाळ संपलेला असतो. भरीत भाजायला मात्र त्याच्यासारखा जाळ नाही, असं गावातले सगळे सांगायचे. आमच्या घरात वांगं शिजत नसल्याने मी ते नुसतं ऐकून घ्यायची.

आम्हाला पऱ्हाट्यांची गरज नव्हती. आमची लाकडाची वखार होती. माझे सासरे, बाबूजी, दरवर्षी डोंगरातल्या जंगलाचा एक तुकडा तोडायला घ्यायचे. त्याला कूप म्हणायचे. तिथलं लाकूड गाड्यांनी खाली यायचं आणि वर्षभर वखारीत वाळत पडायचं. सालईला कापराच्या जवळपासचा वास, धावड्याला जवळजवळ काहीच नाही. अंजनाचं लाकूड पेटायला नवऱ्यासारखं रुसतं, पण एकदा पेटलं की सकाळपर्यंत निखारा धरून ठेवतं. गावात लोक कुडकुडायला लागले की आमच्या घरात बरकत यायची. कडाक्याची थंडी पडली की बाबूजी सकाळी दारात उभे राहून हात चोळायचे, आणि ते गारठ्याने चोळताहेत की आनंदाने, हे मला कधी कळलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही आनंदच व्हायचा. त्या वयात मला माझ्या घरापलीकडचं फारसं काही दिसत नव्हतं.

सासूला आम्ही बाई म्हणायचो. बाई बुटक्या, गोऱ्या, बोलायला कमी आणि बघायला कडक. दम्याच्या. थंडी आली की त्यांच्या छातीत शिट्टी वाजायची. वैद्याने सांगितलं होतं की थंडीचे दोन महिने शेगडी सोडायची नाही. म्हणून त्यांच्या खोलीत अंजनाच्या निखाऱ्यांची शेगडी कायम असायची, आणि ती भरायचं काम माझं.

आम्ही जैन. चुलीत लाकूड घालायच्या आधी ते दगडावर आपटायचं, झटकायचं, मग पुंजणीने, म्हणजे मऊ लोकरीच्या छोट्या कुंच्याने, सगळीकडून पुसायचं. सालीखाली मुंगी असते, वाळवी असते, कधी विंचवाचं पिल्लू. त्यांना जाळायचं नाही, कडेला सोडायचं. आमच्या घरात ते दात घासण्याइतकं सवयीचं होतं. मी माहेरीही करायची, पण उरकायची. बाई उरकत नसत. एकेक ढलपी डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या.

आता वखारीतलं सगळं लाकूड कुणी कसं पुसणार? त्याचा हिशोब बाईंनी आपल्या मनाशी लावला होता. विकलेल्या लाकडातला जीव जळला तर ते घेणाऱ्याने बघावं, त्याने पैसे मोजलेत. पण जे लाकूड आपण मान म्हणून देतो, भेट म्हणून देतो, त्यातली मुंगी जळली तर ती आपल्या खात्यावर. वाण्याच्या घरातला हिशोब, दुसरं काय. आणि असं मानाचं लाकूड आमच्या वखारीतून एकाच ठिकाणी जायचं. डोंगरातल्या बंगल्यावर.

तो बंगला एका बड्या घराण्याचा. आमच्या कुपाकडे जाणारी गाडीवाट त्यांच्या जमिनीतून जायची. त्या वाटेचं कधी कुणी काही मागितलं नाही. फक्त थंडी सुरू झाली की बंगल्यावर एक गाडी वाळलं लाकूड जायचं, आणि थंडी असेपर्यंत पंधरवड्याला एक गाडी जात राहायची. जंगलात राहून लाकूड चोपड्याहून का, असं मी एकदा आमच्या गाडीवानाला, सुपडूला विचारलं. तो हसला. "ओलं लाकूड धूर करस वहिनी. साहेबलोकना डोळा चुरचुरतस." मग बंगल्याचं वर्णन करून सांगायला लागला. "भितमा चूल शे. पन तिनावर काहीच रांधतस नही. नुसतं लाकूड जाळतस." भिंतीत चूल आणि तिच्यावर तवा नाही, हे ऐकून मला इतकं नवल वाटलं की मी दिवसभर तेच घरात सांगत सुटले.

पण सुपडूने आणखीही सांगितलं होतं, ते मी घरात सांगितलं नाही. शिकारीला बंदी यायच्या आधीची ती वर्षं. धुळ्याकडून, भुसावळकडून जीपगाड्या यायच्या. पाहुणे दिवसा रान उठवायचे आणि सांजेला त्या भिंतीतल्या चुलीसमोर पाय पसरून बसायचे. चितळ, सांबर, रानडुक्कर, जे पडेल ते. मला माहीत होतं. बाबूजींना माहीत होतं. वखारीतल्या हमालांना माहीत होतं. घरात आम्ही फक्त "बंगल्यावरचे पाहुणे" म्हणायचो, आणि बाईंना वाटायचं की शहरातले लोक हवा खायला येतात. कुणी त्यांना खोटं सांगितलं नव्हतं. कुणी खरंही सांगितलं नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून, यात आमचं घर पटाईत.

गाडी जायच्या आदल्या दिवशी बाई दुपारच्या उन्हात वखारीत पाट टाकून बसायच्या. सुपडू एकेक ओंडका पुढे करायचा. बाई तो आपटायला लावायच्या, फिरवायला लावायच्या, स्वतः पुंजणी फिरवायच्या. जमिनीवर मुंग्यांची पळापळ. "जा गं बायांनो, आपापल्या घरी जा," असं त्यांच्याशी बोलायच्या. माझ्याशी त्या एवढ्या गोडीने बोलल्याचं मला आठवत नाही. मी भिंतीला टेकून बघत राहायची. वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, आपण कोण? मी धाकटी, घरात नवी. हे सगळं आज लिहिताना किती सोयीचं वाटतं.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी सुपडू बंगल्यावरून रिकामी गाडी घेऊन आला, तर गाडीत गोणपाटाखाली काहीतरी होतं. मागच्या खेपेला तिकडून चारोळी आली होती. बाई वखारीतच होत्या. चारोळीच असणार म्हणून त्यांनी गोणपाट उचललं.

चितळाचं कातडं होतं. मीठ लावून वाळवलेलं. पांढरे ठिपके जसेच्या तसे.

"जमादारनी धाडेल शे," सुपडू खाली मान घालून म्हणाला. "शेटजीले बसाले." बंगल्याच्या जमादाराने मोठ्या प्रेमाने पाठवलं होतं. इतकं लाकूड देणाऱ्या शेटजींना बसायला काहीतरी नको का?

बाईंनी विचारलं, "आपली लाकडं यांच्याकडे जातात?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर नीट करत राहिले. बाईंना सगळं कळलं, बंगल्याचंही आणि आमचंही. "मी मुंग्या झटकत बसले," त्या एवढंच म्हणाल्या. मग सुपडूकडून वखारीमागे खड्डा खणून घेतला, ते कातडं पुरलं, आणि तिथे उभं राहून नवकार मंत्र म्हटला. घरी येऊन गार पाण्याने आंघोळ केली आणि खोलीतली शेगडी बाहेर ठेवायला सांगितली.

त्यांनी नियम घेतला होता. ज्या ढिगातून बंगल्यावर लाकूड जातं, त्या ढिगातली ऊब आपल्या अंगाला नको. बाबूजी चिडले. "मग जेवतेस ते कशावर शिजतं?" बाई म्हणाल्या, "ती भूक आहे. तिला इलाज नाही. ऊब म्हणजे चैन." बाबूजी म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर करू? उद्या त्यांनी वाट अडवली तर कुपातलं लाकूड डोक्यावर आणू का?" त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "मी कुठे म्हणते गाडी थांबवा? मी फक्त शेगडीपाशी येत नाही." भांडायला जागाच ठेवली नाही. अशा बायकांपुढे पुरुष हरतात, पण हरल्याचं त्यांना आठ दिवसांनी कळतं.

ते आठ दिवस वाईट गेले. थंडी नेमकी तेव्हाच वाढली. बाई भिंतीला टेकून बसायच्या, दोन शाली पांघरून, आणि श्वास घेताना त्यांचे खांदे वर यायचे. शिट्टी आता दाराबाहेरही ऐकू यायची. मी चुलीपाशी भाकरी करायची, माझा चेहरा शेकून लाल, आणि आतून तो आवाज. मी चूल लहान करून बघितली. त्याने काय होणार होतं? भाकरी कच्ची राहिली आणि बाबूजींची बोलणी खाल्ली. वैद्य म्हणाले, असंच चाललं तर माझ्या हातात काही नाही. तेव्हा बाबूजींनी बंगल्यावर निरोप पाठवला की यंदा लाकूड कमी आहे, यापुढे गाडी येणार नाही. निरोप घेऊन सुपडू गेला आणि आम्ही श्वास रोखून बसलो.

काही झालं नाही. वाट कुणी अडवली नाही, कुणी जाब विचारला नाही. आमच्या कुपाच्या गाड्या आपल्या येत-जात राहिल्या. बाईंची शेगडी आत आली. चार दिवसांत त्यांचा खोकला उतरला, त्या उठून बसल्या, मला रागवायला लागल्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं बाबूजी हसत म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी आमच्या घरात सगळे एकदम हसले. मला आठवतं, त्या दिवशी मी शेगडी भरताना गुणगुणत होते. आपण चांगली माणसं आहोत, असं वाटण्याइतकं सुख दुसरं नाही. पोटभर जेवल्यावरही ते मिळत नाही.

बाजाराच्या दिवशी रुमली आली. ही डोंगराच्या पायथ्याची पावरा आदिवासी बाई, बंगल्याखालच्या पाड्यावर राहायची. बाजारात बोरं आणि डिंक विकायची आणि जाता जाता आमच्या ओट्यावर टेकून पाणी प्यायची. त्या दिवशी पाणी पिऊन झालं तरी उठेना. मग म्हणाली, "जुनं-पानं काही पांघराले शे का माय?"

मी विचारलं, का गं, यंदा काय झालं? तिने सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नव्हतंच. पाऊस पडला नाही हे जसं सांगतात तसं तिने सांगितलं. "तुम्हनी गाडी उनी नही ना यंदा. जमादार उना, आम्हना लाकडे बठ्ठा लई गया. घरना मांगे रचेल व्हतात, त्या बठ्ठा." आमची गाडी थांबली म्हणून जमादाराने पाड्यावर घरांमागे रचलेली सगळी लाकडं उचलून नेली होती. पाड्यावरचे सगळे त्या घराण्याच्या जमिनीवर राबणारे. बोलणार कोण? "मनी पोर बाळंतीन शे," ती म्हणाली. "दिनभर ऊनमा बसाडतस. रातले काय करानं?"

पाड्यावरची घरं मी पाहिलेली नव्हती, पण ऐकून माहीत होती. कुडाच्या भिंती, मध्ये जाळ, जाळाभोवती माणसं झोपलेली. दिवाळीपासून बायका रानातून वाळकं लाकूड डोक्यावर आणून घरामागे रचतात. तीच त्यांची गादी, तीच गोधडी. आम्ही हात वर केले आणि ती गोधडी बंगल्याने ओढून घेतली. मी आत जाऊन एक जुनी सतरंजी आणली आणि रुमलीला दिली. देताना क्षणभर मला बरंही वाटलं, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

ती गेली आणि मी ते डोक्यात घेऊन घरात फिरायला लागले. बाबूजींना सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या दृष्टीने सगळं मिटलं होतं. बाई शेगडीपाशी बसून माळ ओढत होत्या, तोंडावर तकाकी आली होती. त्यांना सांगायचं म्हणजे ती शेगडी पुन्हा बाहेर काढायची. नाही सांगायचं म्हणजे ती मीच रोज भरायची, पाड्यावरचं माहीत असून. दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी निखारे घालताना माझ्या तोंडून निघून गेलं.

लोक म्हणतात, खरं बोललीस, बरं केलंस. माझ्या यजमानांनीही पुढे कितीदा तसंच म्हटलं. पण मी खरं बोलायला म्हणून बोलले नव्हते. मला ते एकटीला पेलवेना. माझ्या डोक्यावरची मोळी मी त्या दमेकरी बाईच्या डोक्यावर ठेवली आणि मोकळी झाले. यात मोठेपणा कसला? धाकट्या सुनेने धाकटं मन दाखवलं, एवढंच.

बाईंनी माळ खाली ठेवली. मग बाबूजींना बोलावून म्हणाल्या, "बंगल्याची गाडी भरा."

बाबूजींना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. ते म्हणाले, गाडी पाड्यावर पाठवू हवी तर. बाई म्हणाल्या, "पाड्यावरची जमादार उचलून नेईल. बंगल्यावर गेली तरच पाड्याचं लाकूड पाड्यावर राहील. जी लाकडं नेली ती तर जळून गेली. निदान आता त्या बायका गोळा करतील ती तरी घरात राहू देत."

"आणि तुझा नियम?"

"नियम आहे तसा आहे," त्या म्हणाल्या. "गाडी जाणार, म्हणजे मी शेगडीपाशी येणार नाही. बिंदणी, ही बाहेर ठेव."

बिंदणी म्हणजे सून. मी शेगडी उचलली. हाताला चटका बसला तरी मी ती तशीच नेली.

पाप कळून करायचं आणि त्याची ऊब मात्र घ्यायची नाही, असा तो हिशोब होता. मला तो तेव्हा कळला नाही. आज कळतो असंही नाही. स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानात, उतरणाऱ्या साधूमहाराजांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं, कोण जाणे. बाईंनी विचारलं नाही. बाबूजींनी दोनदा समजावलं, एकदा ओरडून बघितलं, मग वखारीत जाऊन बसले. पुढे दोन हिवाळ्यांनी बंगल्यावरची शिकार थांबली आणि गाडीही थांबली. पण बाईंची छाती त्या वर्षी जी बसली, ती पुन्हा सुटली नाही. उन्हाळ्यातसुद्धा जिना चढताना मध्ये थांबायच्या आणि भिंतीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. मी वर उभी राहून बघायची. त्या माझ्यावर कधी चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मी सुटले असते.

शेगडी बाहेर ठेवली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाई वखारीत आल्या. मीच हाताला धरून आणलं. उन्हात पाट टाकला. सुपडूने पहिला ओंडका पुढे केला आणि बाईंनी पुंजणी हातात घेतली. बाबूजींनी लांबूनच विचारलं, "आता हे कशाला?" बाईंनी ओंडका फिरवायला लावला, सालीखाली बघितलं, एक मुंगी अलगद खाली सोडली. या वेळी तिच्याशी बोलल्या नाहीत. मध्येच खोकल्याची ढास आली तेव्हा मी पाठीवरून हात फिरवायला गेले, तर माझ्या हाताला अजून चुलीची ऊब आहे असं वाटलं. मी तो मागे घेतला.

ढास ओसरली. बाईंनी तोंड पुसलं आणि श्वास जमवत जमवत माझ्याकडे बघून विचारलं, "रुमलीच्या मुलीला काय झालं गं? मुलगा की मुलगी? बाळ बरं आहे ना?"

मी रुमलीला ते विचारलंच नव्हतं.